अकेंपेक्षा निरोगी कसं व्हायचं?

आमच्या डेपोत सकाळी आधी ड्रायव्हर तपासतात, इंजिनाची पाळी नंतर. डेपोच्या दवाखान्यात जायचं, नळीत फुंकायचं, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजून घ्यायचं आणि शिक्का घेऊन माझ्या खिडकीशी यायचं. शिक्का दाखवला की मी किल्ली देते. शिक्का नसेल तर किल्लीऐवजी माझ्याकडून जे मिळतं ते ऐकायला कुणाला आवडत नाही. आमच्या या डोंगरातल्या नारीन गावात लोक हिवाळ्यातल्या वाऱ्यापेक्षा माझ्या जिभेला जास्त घाबरतात, असं आमचे डेपोप्रमुख कुबात म्हणतात. साफ खोटं आहे. वाऱ्याला इथे कुणीच घाबरत नाही.

दवाखान्यासमोरची रांग वयानं लागते. कुणी लावत नाही, आपोआप लागते. पहिले सादिर अके; थोरल्या भावाला, मोठ्या माणसाला आम्ही अके म्हणतो. डेपोतले सगळ्यात मोठे, खिंडीपलीकडच्या आत-बाशी गावाची गाडी त्यांची. त्यांच्या दंडाला पट्टा लागल्याशिवाय दुसरा कुणी बाही वर करत नाही. आणि वसंतापासून पट्टा बांधायला येते ती त्यांचीच धाकटी सून, आयझिरेक. शिकलेली नर्स, पण सून ती सूनच. सासऱ्याचं नाव कसं घेणार? "आमच्या घरातल्या मोठ्यांनी आत यावं," असं ती दारातून हळूच म्हणते. मग वाकून नमस्कार करते, नमस्काराच्या वाकण्यातच पट्टा बांधते, आणि नजर वर न करता आकडा वाचते.

पोरगी मोठी गोड. पण मान जितकी खाली, तितकी आकड्याला पक्की. महिन्यात दोनदा तिनं सासऱ्याला शिक्का नाकारला होता. दोन्ही वेळा आकडा त्यांच्या कानात सांगितला, आणि आम्हाला वाटलं, घरी पाहुणे असतील म्हणून रजा टाकली. त्या रविवारी मात्र दवाखान्याची शेगडी धुमसत होती, म्हणून दार उघडं होतं.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," आयझिरेक जमिनीकडे बघत म्हणाली.

"पुन्हा बघ, पोरी."

"तीनदा बघितलं. माफ करा. मी शिक्का नाही देऊ शकत."

महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं की माणसाला शहरातल्या मंडळापुढे पाठवायचं, असा नियम आहे. आणि त्या मंडळापुढून आमचा एकही म्हातारा ड्रायव्हर लायसन घेऊन परत आलेला नाही. सादिर अकेंनी बाही खाली केली, गुंडी लावली आणि बाकावर जाऊन बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी खिडकीतून ओरडले, "पुढचा! तालाय, बघतोस काय? बाजाराचा दिवस आहे, लोक मेंढ्या घेऊन ताटकळलेत!"

तालाय आमचा उंच, धडधाकट ड्रायव्हर. तिशीचा असेल. तो जागचा हलला नाही.

"एजे," तो मला म्हणाला (ताईला आम्ही एजे म्हणतो), "मी नाही मोजून घेणार."

"का रे? रात्री ढोसलीस?"

"नाही हो! पण माझं एकशे वीस येतं. नेहमीच येतं. अकेंचं एकशे अठ्ठ्याहत्तर असताना मी त्यांच्यासमोर एकशे वीस आणू? माझा बाप मला घरात घेईल का?"

मला वाटलं मस्करी करतोय. पण मागचे सगळे माना डोलवायला लागले. आमच्याकडे मोठ्यांच्या आधी घास उचलत नाहीत, मोठ्यांच्या आधी उठत नाहीत, मोठ्यांसमोर पाय पसरत नाहीत. मोठे आजारी असताना त्यांच्यादेखत ठणठणीत निघावं की नाही, याबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नाही, कारण वाडवडिलांकडे ते यंत्र नव्हतं. पण रांगेचं एकमत झालं की ते शोभत नाही.

"अरे मूर्खांनो, तुमचं बीपी तुमचं, त्यांचं त्यांचं!"

"असं कसं एजे? दहाएक अंकांचा फरक चालेल. पण पन्नास-साठ म्हणजे तोंडावर अपमानच की."

आणि मग जे सुरू झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर दुसऱ्या कुणी सांगितल्यावर त्याला हाकलून दिलं असतं. तालायनं खिशातून कुरूत काढले. खारट दह्याचे ते वाळवलेले गोळे, एरवी प्रवासात एखादा चघळायचा. त्यानं मूठभर तोंडात कोंबले. बाकीच्यांनीही कोंबले. मग अंगणात उठाबशा. सहा-सात दणकट पुरुष मीठ चघळत उठाबशा काढताहेत आणि फाटकापलीकडे मेंढ्या घेऊन उभे असलेले प्रवासी आ वासून बघताहेत. घामाघूम होऊन एकेक जण आत गेला. आयझिरेकनं मोजलं. एकशे बावन्न. एकशे छप्पन्न. तालायला एकशे साठ मिळाले तेव्हा बाकीच्यांनी त्याची पाठ थोपटली.

"बसा बाकावर," आयझिरेक म्हणाली. "कुणालाच शिक्का नाही."

झालं! डेपोच्या सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या, आणि सगळे ड्रायव्हर सादिर अकेंच्या शेजारी ओळीनं बसलेले. अके बिचारे म्हणत होते, "पोरांनो, जा रे, माझ्यासाठी थांबू नका." प्रत्येक वेळी पोरं छातीवर हात ठेवून म्हणत, "असं कसं, अके!" आणि अकेंच्या कानशिलावरची शीर आणखी फुगे.

कुबात साहेब धावत आले. पोट पुढे, ते मागे. सगळी हकिगत ऐकली आणि गरजले, "हा डेपो आहे का लग्नघर? तब्येत म्हणजे काय मानपानाची गोष्ट आहे?"

"साहेब," तालाय अदबीनं म्हणाला, "तुम्ही आधी मोजून घ्या. तुमचं चांगलं आलं तर आम्हीही मोजून घेऊ."

"घेतो की! मला काय त्याचं!" साहेबांनी कोट काढला, बाही वर केली, आणि दंड पुढे करता करता त्यांची नजर बाकावर गेली. अके त्यांच्याकडेच बघत होते. साहेबांनी सावकाश बाही खाली घेतली.

"माझं जरा जास्तच असतं," ते पुटपुटले. "आधी अकेंचं उतरवा. त्यांचं उतरलं की सगळे सुटतील."

म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं आतापर्यंत चाललं होतं, ते आता निदान म्हशीकडे वळलं. पण उतरवायचं कसं? आयझिरेक म्हणाली, त्यांना एकट्याला शांत पडू द्या, मी गोळी देते. गोळी दिली. शांतता मात्र काही देता आली नाही. सादिर अकेंना बरं नाही ही बातमी फाटकाबाहेर पोचली, आणि आजाऱ्याची विचारपूस न करता निघून जाईल असा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. मेंढ्या फाटकाला बांधून सगळे प्रवासी आत आले. रिकाम्या हाताने कसं येणार? कुणी रोट्या, कुणी साखर, कुणी मधाची बरणी. प्रत्येकानं तब्येत विचारली, प्रत्येकाला अकेंनी उठून उत्तर दिलं. मग एका म्हाताऱ्यानं ओंजळ उघडून दुवा मागितली, शंभर वर्षं जगा म्हणून, आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आयझिरेकनं मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. फक्त घोड्याऐवजी मेंढी होती आणि व्याही ती घेऊन स्वतः आले. आयझिरेकचे आईबाप! जावयाचे वडील आजारी म्हटल्यावर त्यांना दम निघेना. डेपोच्या अंगणात, डिझेलच्या टाकीपासून जरा लांब, मेंढी कापली. दुपारपर्यंत मुंडकं शिजलं आणि ते मानानं अकेंच्या पुढ्यात आलं. नाही म्हणता येत नाही. व्याह्यांसमोर तर नाहीच. अकेंनी कान कापून धाकट्यांना दिला आणि स्वतः गालाची चरबी खाल्ली. आयझिरेक दाराशी उभी राहून बघत होती. एकीकडे सासरा, एकीकडे बाप, मध्ये चरबी. तिनं काय बोलावं? ती फक्त पट्टा घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

एकशे नव्वद.

त्या गर्दीत मी एक कप चहा घेऊन अकेंच्या शेजारी जाऊन बसले. बिनमिठाचा, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे चहातही मीठ घालतात.

"बुरुलकान," ते हळू आवाजात म्हणाले, "मला मरायची भीती नाही. आमच्या घरी दारासमोर जी मानाची जागा आहे ना, तिथे उद्यापासून मला बसवतील. पाठीला उशा देतील. मी बोललो की सगळे गप्प होतील, मी गप्प झालो तरी सगळे गप्प. मला ती जागा नको."

"मग गाडीत काय मोठं सुख आहे?"

"गाडीत सगळे माझ्या पाठीमागे असतात. माझी पांढरी दाढी दिसत नाही कुणाला. कुणीतरी बाई मागून ओरडते, ए ड्रायव्हर, झोपलास का, थांबव की! काय बरं वाटतं सांगू! घरी, डेपोत, बाजारात कुठेच आता मला कुणी ओरडत नाही. कालिक होता तोवर होता."

कालिक म्हणजे त्यांचा जन्मवर्षाचा सोबती. दोघे एकाच सालचे, एकाच डेपोतले. आमच्यात बरोबरीच्या वयाची माणसं एकमेकांना वाट्टेल ते बोलतात, त्यात पाप नाही. आई-बापाला, मुलाला, सुनेला जे बोलता येत नाही ते सगळं त्या एका माणसासाठी राखून ठेवलेलं असतं. कालिक रोज सकाळी फाटकातच सुरू करायचा. "आलं बघा सादिर नावाचं गाढव! याला आज खिंड सापडली तर नशीब!" आणि अके त्याची अब्रू काढत काढत दवाखान्यात शिरायचे. तेव्हा त्यांचं बीपी एकशे तीसवर कधी गेलं नाही, हे मीच शिक्के बघून सांगते. गेल्या शरदात कालिक गेला. तेव्हापासून फाटकात सगळे अकेंना फक्त वाकून नमस्कार करत होते. त्या नमस्कारांनी माणूस आतल्या आत फुगत चालला होता, आणि आम्ही आणखी वाकत होतो.

मला हे सगळं त्या चहाच्या कपाशी उमजलं. आणि उमजल्यावर मला फार राग आला. कारण उपाय कुणाच्या हातात होता तेही उमजलं.

तेवढ्यात कुबात साहेब आले. हातात सोनेरी वेलबुट्टीचा नवा चपान, म्हणजे मानाचा लांब अंगरखा, आणि पांढरी उंच टोपी. मंडळापुढे जायचंच आहे तर सन्मानानं जावं, असा त्यांचा विचार. सगळे उभे राहिले. साहेबांनी भाषण केलं, अकेंच्या सेवेबद्दल, खिंडीबद्दल, बर्फाबद्दल, आणि तो जाड चपान त्यांच्या खांद्यावर घातला. अके त्यात असे गप्प बसले होते की मला कालिकला चादरीत गुंडाळलं तो दिवस आठवला. आयझिरेकनं पट्टा सोडलाच नव्हता. "एकशे शहाण्णव," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

मी उठले.

"काढ तो चपान, सादिर," मी म्हणाले. "त्यात तू डेपोप्रमुखाच्या सासूसारखा दिसतोस."

कुणाच्या तरी हातातून वाटी पडली. कुबात साहेब पांढरे पडले.

"एजे! तोंड सांभाळा! अकेंना अरेतुरे?"

"का? माझ्या बरोबरीचा आहे तो. मीही कोंबड्याच्या वर्षातली."

"ते माहीत आहे आम्हाला, पण तुमचा कोंबडा बारा वर्षांनी—"

"माझा कोंबडा आणि याचा कोंबडा एकच!"

झालं बोलून. आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात, आणि बारा वर्षांनी तोच प्राणी परत येतो. कुणी वय विचारलं की मी आपलं खरं सांगायची, कोंबडा. कोणत्या फेरीतला कोंबडा, ते लोक माझे रंगवलेले केस बघून आपल्या मनानं ठरवायचे. मी कधी कुणाची समजूत मोडायला गेले नाही. पन्नाशीची तोंडाळ बाई म्हणून माझं झकास चाललं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कुणाकडे बघितलं नाही, सादिरकडेच बघितलं.

"काय बघतोस? बीपी म्हणे वाढलं! कशानं वाढेल? डोक्यात मेंदू असता तर म्हटलं असतं तिथे चढलं. खिंडीत चढावावर तुझी गाडी इतकी हळू जाते की मेंढ्या खाली उतरून चरून परत चढतात. कालिक म्हणायचा, सादिरला बायकोनं आयुष्यभर ऐकवलं नाही, कारण हा घरी पोचेपर्यंत ती बिचारी झोपलेली असायची!"

अकेंनी मान वर केली. त्यांचे डोळे बारीक झाले.

"एकशे ऐंशी," आयझिरेक म्हणाली.

"कालिक असं म्हणाला?" अके म्हणाले. "तुझ्याबद्दल काय म्हणायचा ते सांगू? म्हणायचा, बुरुलकान माइकमधून बोलली की गाड्या निघत नाहीत, पळून जातात. आणि ते केस! अगं, त्या रंगाचं घोडं मी एकदा विकायला नेलं होतं, कुणी फुकटसुद्धा घेईना!"

"एकशे सदुसष्ट."

त्याला माझ्या कोंबड्याचं जराही नवल वाटलं नव्हतं. "तुला ठाऊक होतं माझं वय?" मी विचारलं.

"ठाऊक? तू इथे लागलीस त्या दिवसापासून! गुडघ्यावर हात ठेवून उठतेस आणि पन्नाशी सांगतेस! मी आणि कालिक तुझ्या त्या कोंबड्यावर इतकं हसलोय की पुरे. म्हटलं, मिरवू दे म्हातारीला."

मला लागलं. खरंच लागलं, आणि त्या लागण्याच्या जोरावर मी असं काही बोलले की ते इथे लिहीत नाही. व्याह्यांनी कानांवर हात ठेवले. अकेंनी चपान भिरकावून दिला, पट्टा बांधलेला हात नाचवत उलट जे सुनावलं तेही लिहीत नाही. आयझिरेक त्या हाताच्या मागे मागे फिरत आकडे वाचत होती. एकशे पन्नास. एकशे त्रेचाळीस. एकशे छत्तीस! मी थांबले, कारण माझा घसा बसला होता.

"एजे," आयझिरेक जमिनीकडे बघत, अगदी अदबीनं म्हणाली, "अजून थोडं. खालचा आकडा अजून पंच्याण्णव आहे."

मग मी त्याच्या आवाजात तो लग्नात गायचा त्या गाण्याची नक्कल केली. अके हसले. हसता हसता बाकावरच बसले. पंच्याऐंशी.

पोरीनं पंधरा मिनिटं त्यांना तसंच बसवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग शिक्का मारला. रोज गोळी, महिन्यातून एकदा डॉक्टर, चरबी बंद, असं तिनं बापासमोर आणि सासऱ्यासमोर एका दमात सांगितलं. मंडळाचा कागद निघालाच नाही. अकेंचं ठीक आल्यावर पोरांची तोंडं उजळली, पाणी पिऊन मीठ उतरवून एकेक जण आत गेला आणि निर्लज्जासारखा ठणठणीत निघाला. दुपार टळता टळता गाड्या सुटायला लागल्या. बाजार तोवर उठला होता, पण प्रवाशांनी तक्रार केली नाही. त्यांना मटण मिळालं होतं.

मी माझ्या खिडकीकडे गेले. तिथे तालाय माझ्या खुर्चीत रेलून किल्लीची वाट बघत बसला होता, नेहमीसारखा. मी तोंड उघडणार, तोच तो ताडकन उठला. दोन्ही हातांनी खुर्ची पुढे सरकवली, छातीवर हात ठेवला.

"बसा, आपा."

आपा! सकाळपर्यंत एजे होते, ताई होते. एका दुपारीत आजी झाले. मी त्याला किल्ली फेकून दिली आणि चार शिव्या दिल्या. एरवी तो पाचवी परत द्यायचा. आज म्हणाला, "बरोबर आहे, आपा." कुबात साहेब येऊन माझ्यामागे उशी ठेवून गेले. मी माइकमधून चुकीच्या गाडीचं नाव पुकारलं आणि ती गाडी, कुणीही मला चूक न सांगता, निमूटपणे चुकीच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. आयझिरेकनं येऊन मला वाकून नमस्कार केला, तीनदा. मला रडू येत होतं. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि कपाळ ठणकत होतं.

"आपा, तुमचंही मोजू का?" तिनं विचारलं.

एकशे पासष्ट.

मी खिडकी सोडली नाही. संध्याकाळच्या उन्हात आत-बाशीची गाडी फाटकातून आत आली. सादिर उतरला, किल्ली घेऊन खिडकीशी आला, माझ्या पाठीमागची उशी बघितली, आणि उशीबद्दल असं काही बोलला की नुकत्याच परतलेल्या तालायनं पाठ फिरवली. माझं डोकं तिथल्या तिथे हलकं झालं.

मी किल्ली खुंटीला लावली.

"ऐक," मी म्हणाले. "माझ्या आधी मरायचं नाही."

"बरं. पण तूही माझ्या आधी मरायचं नाहीस."

"गाढवा, दोघांचं एकदम कसं जमेल?"

त्यानं खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून खिंडीकडे बघितलं.

"ते बघू," तो म्हणाला. "उद्या सकाळी भांडून ठरवू."